शेवटची नोंद
भूकंपात मोबाईलचे टॉवर आडवे झाले तरी निरोप पोचावेत, अशी व्यवस्था मीच बनवली होती. ज्याला निरोप द्यायचा त्याची शेवटची नोंदलेली जागा बघायची आणि त्या जागेच्या आणखी जवळ असलेल्या फोनकडे निरोप सरकवायचा. शहरभर चालायचं.

भूकंपाच्या आदल्या दिवशी बायकोशी कडाक्याचं भांडलो. “शोध आता मला!” म्हणत मी दारातच माझ्या फोनचं लोकेशन बंद केलं, तडक ऑफिस गाठलं आणि रात्रीही तिथेच राहिलो.

भूकंपानंतर तिचा निरोप आला नाही. माहेरी जाऊन फुगून बसली असेल, असं मी धरून चाललो.

चौथ्या दिवशी घराच्या ढिगाऱ्यातून तिचा देह काढला. फोनमध्ये माझ्यासाठी अकरा निरोप होते. पहिला, “जिन्याखाली अडकलेय. लवकर ये.”

एकही पुढे सरकला नव्हता. माझी शेवटची नोंद आमच्याच घराची होती, आणि घराच्या सर्वांत जवळ तीच होती.