सोमवारची दुपार

व्हर्जिनियातल्या पाइन फोर्कच्या काळ्या मुलांच्या शाळेत सोमवारी दुपारी वर्ग भरत नसत. रविवारी चर्च, सोमवारी अर्धी शाळा, ही जगाचीच रीत आहे असं पोरांना वाटे. ती पाडली होती लुशस टॉलिव्हरच्या बायकोने, ओडेसाने. तेवीस वर्षं तिने तिथे शिकवलं. मागच्या थंडीत ती गेली.

तिच्या जागी आलेली व्हर्लीन प्रॅट लुशसच्याच घरी खोली घेऊन राहत होती. आल्या आल्या तिने सांगून टाकलं, सोमवारीही पूर्ण दिवस शाळा.

लुशस चर्चचा डीकन, म्हणजे तिथला मानाचा कारभारी. त्याला ते झोंबलं. जेवताना तो म्हणाला, "मिस प्रॅट, ती ओडेसाची रीत आहे. माझी नात काही दुपारी यायची नाही."

"डीकन, तुमच्या नातीला भागाकार येत नाही. हायस्कूलच्या परीक्षेत काय लिहिणार ती?"

नातीने, आयडेलाने, मान खाली घालून मक्याच्या पावाचा तुकडा मोडला.

"म्हणजे ओडेसाला शिकवता येत नव्हतं?"

"असं कसं म्हणेन? पोरं काय सुंदर वाचतात! पण वेळापत्रकात सातवीचं गणित सोमवारी दुपारी आहे. तेव्हा त्या काय करायच्या?"

लुशसला ते चांगलं ठाऊक होतं. गोऱ्यांच्या शाळेतल्या बाईच्या निम्मा पगार होता ओडेसाला. म्हणून ती गोऱ्यांच्या चार घरांचं धुणं घ्यायची. सोमवार धुण्याचा. विहिरीचं पाणी तोच ओढून द्यायचा. ओढता ओढता त्यालाही ती रीतच वाटायला लागली होती.

"मला धुणं घ्यावं लागत नाही," व्हर्लीन म्हणाली. "कोर्टाने काळ्या-गोऱ्या शिक्षकांचे पगार सारखे केले. त्या अर्जावर तुमच्या बाईंची सही आहे."

"ठाऊक आहे. मी म्हटलं होतं, नोकरी जाईल. तर म्हणे, गेली तर गेली, धुणं आहेच!"

तिघंही हसली. कित्येक दिवसांनी त्या टेबलाशी कुणी हसलं होतं.

रविवारी चर्चमधली प्रार्थना संपल्यावर लुशस उभा राहिला. "उद्या दुपारी शाळा आहे. ओडेसाने रीतबीत काही पाडली नव्हती. ती कपडे धूत होती. पोरांना डबा द्या."

सोमवारी संध्याकाळी आयडेला पाटी घेऊन त्याच्याजवळ आली. त्याने पाटी डोळ्यांजवळ धरली.

"खाली दोन राहिले की गं. चुकलं?"

"नाही आजोबा. ती बाकी. बाकी राहिली तरी बरोबरच असतं."

"असं होय," तो म्हणाला. "मग अजून एक करून दाखव."