हर्नडनच्या गोलखांबाची तक्रार

मी एक खांब आहे आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे. खांबाला डोकं असतं का, असं कृपा करून विचारू नका. इतकी वर्षं माणसांच्या खेळात उभं राहिलं की डोकं येतं, आणि ते फिरतंही.

मी ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा गोलखांब. माझा जन्म व्हर्जिनियातल्या हर्नडन गावी, विवेकच्या गॅरेजमध्ये झाला. विवेक मूळचा नागपूरचा. कंपनीने त्याला काही वर्षं मेलबर्नला ठेवलं होतं, तिथे तो या खेळाच्या नादी लागला. पुढे अमेरिकेत बदली झाली तेव्हा सामानाबरोबर नादही इकडे आला. इथे हा खेळ फारसा कुणाला ठाऊक नाही आणि त्याचे खांब कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. मग विवेक आणि त्याची बायको प्रणिता या दोघांनी प्लंबिंगचे पांढरे पाइप आणले, एकात एक बसवले, खालच्या अंगाला फोम गुंडाळला आणि बुडाला वाळूच्या पिशव्या दिल्या. प्रणिता म्हणाली, "लोक गॅरेजमध्ये ट्रेडमिल ठेवतात रे." पण डिंक वाळेपर्यंत पाइप धरून तीच उभी होती.

खेळ थोडक्यात सांगतो. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात, मधले दोन उंच आणि कडेचे दोन बुटके. लांबट चेंडू लाथेने मारून उंच खांबांच्या मधून घालवला की सहा गुण. उंच आणि बुटक्याच्या मधून गेला तर एक. आणि उंच खांबावर आदळला तरीही एकच. मी डावीकडचा उंच खांब. आमच्या लोकांनी मला इतक्या वेळा हाणलंय की समोरच्या संघाला वाटावं, यांचा नेम माझ्यावरच आहे.

क्लब असा होता. बहुतेक सगळे आयटीतले, पुण्या-मुंबई-नागपूरकडचे, कामाच्या व्हिसावर आलेले. त्यात इथले दोन-चार शेजारी. सराव रविवारी सकाळी. सराव संपला की प्रणिता गाडीची डिकी उघडायची आणि त्यातून पोह्यांचं पातेलं निघायचं. खरं सांगायचं तर काही मंडळी पोह्यांसाठीच धावायची. आम्ही जवळपास प्रत्येक सामना हरायचो. पण विवेकला कोणाचा गुडघा दुखतो, कोणाची ऑन-कॉल ड्यूटी कधी आहे, कोणाच्या घरी सासू आली आहे, हे सगळं तोंडपाठ असायचं. सामन्याच्या आदल्या दिवशी तो एकेकाला फोन लावायचा आणि गोड बोलून, दटावून, कधी गाडी पाठवून माणसं जमवायचा.

तरी मागच्या हंगामात दोनदा माणसं कमी पडली. मैदानात नऊ जण उभे करावे लागतात, आणि आमचे सातच. लीगने स्पष्ट कळवलं की पुढच्या हंगामात एकदा जरी असं झालं तर क्लबचं सदस्यत्व संपलं.

विवेकच्या जिवाला हे फार लागलं. या देशात त्याची नोकरी दुसऱ्याच्या मर्जीवर, राहणं व्हिसाच्या तारखेवर. कुणाची परवानगी न घेता त्याने स्वतः उभं केलेलं इथे एकच होतं, हा क्लब. हे त्याने कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. रविवारी आम्हाला गाडीच्या टपावर बांधताना तो दोरी ज्या तऱ्हेने दोनदा ओढून बघायचा, त्यावरून मला कळायचं.

आणि मग कॉलिन वेदरॉल आला.

कॉलिन म्हणजे ऑस्ट्रेलियातलं बडं नाव. तिथल्या मोठ्या लीगमध्ये त्याने संघ घडवले, टीव्हीवर बसून इतरांच्या चुका काढल्या. आता निवृत्त होऊन तो लेकीकडे हर्नडनला राहायला आला होता. किराणा दुकानात विवेकने त्याला ओळखलं आणि दह्याच्या डब्यांसमोर दोघं बराच वेळ बोलले. निघताना कॉलिन म्हणाला, हवं असेल तर तुमचा संघ बघतो, पैसे नकोत.

झालं. त्याच आठवड्यात गॅरेजमध्ये मीटिंग. अनुप क्लबचा अध्यक्ष, पुण्याचा, बोलायला बसला की समोरच्याचा चहा थंड होतो.

"अरे यार, याला नाही म्हणायचा प्रश्नच येत नाही," अनुप म्हणाला. "त्याचं नाव फ्लायरवर टाकलं की लोक लाइन लावतील. नऊ काय, अठरा जमतील."

"त्याला आपल्यासारखे लोक झेपतील का पण?" प्रणिताने विचारलं. "त्याने पगारी खेळाडूंना शिकवलंय. आपला परीक्षित बूट घालेपर्यंत वॉर्म-अप संपतो."

"म्हणूनच तर शिस्त हवी. विवेक, तू पर्सनली घेऊ नकोस, पण फोन करून करून टीम चालवणं म्हणजे कोचिंग नाही."

विवेकने ते पर्सनली घेतलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. म्हणाला, "क्लब राहिला पाहिजे. बाकी कोच कोण का असेना."

प्रणिताने पुन्हा विषय काढला, की निदान त्याला बसवून आपली परिस्थिती तरी सांगू. तोवर शाल कुठून आणायची यावर चर्चा पोचली होती.

हो, शाल. पहिल्या सरावाला, एका शनिवारी संध्याकाळी, कॉलिन आला तो शिट्टी गळ्यात घालून, आणि आमच्या लोकांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. प्रणिताचे वडील मोरेश्वर काका उन्हाळ्यात इकडे येतात आणि गोल अंपायर म्हणून पांढरी टोपी घालून, गुण दाखवायचे झेंडे घेऊन आमच्या दोन खांबांमध्ये उभे राहतात, त्यांनी दोन शब्द बोलायचे म्हणून पंधरा मिनिटं घेतली. अनुपने आभार मानले. कॉलिन बिचारा नारळ कुठे ठेवायचा ते शोधत होता. एवढ्यात अंधार पडला आणि त्या दिवशी चेंडूला कुणाचा पाय लागला नाही.

नारळ खाली ठेवून कॉलिनने सरळ विचारलं. त्याचं इंग्रजी मी मराठीतच सांगतो, मी मराठी घरात वाढलोय. तो म्हणाला, "सराव मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सहाला घेऊ. जमेल ना सगळ्यांना? न जमणारं असेल तर आत्ताच सांगा."

सगळे म्हणाले, हो.

मला तिथल्या तिथे आडवं व्हावंसं वाटलं. संध्याकाळी सहाला त्या भागातल्या रस्त्यांवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. साडेआठला निम्म्या लोकांचा भारतातल्या टीमशी कॉल असतो. एकाची मुलगी पोहायला, एकाची गणिताच्या क्लासला. आणि हे सगळे हो, हो करून मान डोलावतात. का, तर एवढा मोठा माणूस आपल्याकडे आला, त्याच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं. विवेकही हो म्हणाला. सगळ्यांत आधी तोच म्हणाला.

पुढे व्हायचं तेच झालं. मंगळवारी तिघं, गुरुवारी पाच. ग्रुपवर मेसेज पडायचे, सॉरी, प्रॉडक्शन इश्यू आहे. सॉरी, ट्रॅफिक. कॉलिन मैदानात प्लास्टिकचे शंकू मांडून वाट बघायचा. तो वाईट माणूस नव्हता, हे मला ठासून सांगायचं आहे. जे आले त्यांना त्याने असं काही शिकवलं की माझ्यावर आदळणारे चेंडू महिन्याभरात निम्मे झाले. लाथ मारण्याआधी चेंडू हातातून सोडायचा कसा, हे तो दहा-दहा वेळा दाखवायचा आणि आवाज कधी चढवायचा नाही. पण त्याला वाटायचं, या लोकांनी शब्द दिलाय आणि ते आळस करतायत. आणि आमच्या लोकांना वाटायचं, हा आपल्याला समजून घेत नाही.

खरी कारणं सांगितली जायची, नाही असं नाही. फक्त ती माझ्यापाशी सांगितली जायची. सराव संपल्यावर आम्हाला सोडवताना जो तो विवेकच्या कानाला लागायचा. "मला नाही रे जमत गुरुवार, तू बोल ना त्याच्याशी." विवेक म्हणायचा, "बघतो." आणि दहा पावलांवर शंकू गोळा करणाऱ्या कॉलिनकडे जाऊन म्हणायचा, "मस्त सेशन झालं, कोच." माझ्या पोकळ अंगात राग मावायचा नाही. एकदा वारा सुटला तेव्हा मी मुद्दाम विवेकच्या अंगावर कललो. त्याने मला सरळ केलं आणि वाळूची आणखी एक पिशवी ठेवली.

रविवारचे पोहेही बंद झाले. कॉलिन म्हणाला होता, रविवार विश्रांतीचा. प्रणिता गॅरेजमध्ये नवऱ्याला एकदा म्हणाली, "तू फोन करणं का थांबवलंस?"

"कोच तो आहे. मी मध्ये पडलो तर त्याला वाटेल मी त्याचं चालू देत नाही."

"आणि माणसं नाही जमली तर?"

मोरेश्वर काका पेपर वाचत होते, ते पेपरातूनच म्हणाले, "तुमच्या क्लबात सगळे जावई झालेत. कुणी कुणाला दुखवत नाही."

जूनमध्ये कॉलिनने नियम केला. लागोपाठ तीन सराव चुकवणाऱ्याला पुढच्या सामन्यात घेणार नाही. जिथे त्याने आयुष्य घालवलं तिथे हा नियम अगदी साधा. परीक्षितचे चार चुकले होते. सगळ्यांत लांब लाथ मारणारा गडी, पण त्या महिन्यात त्याच्या ऑफिसात माणसं काढत होते आणि त्याची लॅपटॉपवरून उठायची छाती नव्हती. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की देश सोडायची पाळी येते, हे विवेकला चांगलं माहीत होतं. कॉलिनला माहीत नव्हतं. त्याला कोण सांगणार?

त्या शनिवारच्या सामन्याला समोरचा संघ वेळेआधी हजर. आमचे आठ. आणि सामना सुरू व्हायला थोडा अवकाश असताना परीक्षित आला, गाडी तिरकीच लावून, बूट हातात घेऊन धावत. नऊ. मोरेश्वर काकांनी टोपी सरळ केली. मला वाटलं, सुटलो.

कॉलिन आमच्याजवळच उभा होता. त्याने परीक्षितकडे पाहिलं, मग विवेकला बाजूला घेतलं, अगदी माझ्या फोमला टेकून. म्हणाला, "नियम मी केलाय. पण क्लब तुझा आहे. तू सांग, याला खेळवू?"

एवढा स्पष्ट प्रश्न. फक्त म्हणायचं होतं, खेळव. म्हणायचं होतं, या माणसाची नोकरी टांगणीला आहे, तो आळशी नाही. म्हणायचं होतं, आज नऊ झाले नाहीत तर सगळं संपतं. हो, कॉलिनला तेही धड माहीत नव्हतं. लीगची अट मोठ्या माणसासमोर काढायची आपल्याला लाज वाटते, म्हणून अनुपने ती कधी सांगितलीच नव्हती.

विवेक म्हणाला, "तुम्ही कोच आहात. तुम्ही म्हणाल तसं."

कॉलिन थोडा वेळ थांबला. त्याला आणखी काही ऐकायचं असावं, असं मला अजूनही वाटतं. मग त्याने मान हलवली आणि परीक्षितला म्हणाला, "पुढच्या वेळी." परीक्षित बूट हातातच घेऊन उभा राहिला. आठ जण मैदानात गेले, पंचाने मोजले, पुन्हा मोजले आणि सामना समोरच्यांना देऊन टाकला. मोरेश्वर काकांचे झेंडे गुंडाळलेलेच राहिले.

सोमवारी लीगचं पत्र आलं. अनुपने ग्रुपवर लिहिलं, कोच आपल्याला सूट झाला नाही. त्याखाली बऱ्याच जणांनी अंगठे उमटवले.

काल विवेकने आम्हाला गॅरेजमधून काढून फुटपाथच्या कडेला ठेवलं. इथे नको असलेल्या वस्तू अशाच ठेवतात, पुठ्ठ्यावर 'फ्री' लिहून. पुठ्ठा माझ्याच पोटाला चिकटवलाय. दुपारी एक बाई आली, टोमॅटोच्या वेलांना आम्ही चालू का, हे बघून गेली. म्हणाली, फारच उंच आहेत.

आणि आज संध्याकाळी कॉलिनची गाडी थांबली. काच खाली करून तो आमच्याकडे बघत राहिला, मग उतरला. विवेक कचऱ्याचा डबा आत न्यायला बाहेर आला होता. दोघं माझ्या दोन बाजूंना उभे राहिले. कॉलिनला लीगच्या अटीबद्दल कुणाकडून तरी कळलं होतं.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही आमचे पाहुणे होतात."

"मी पाहुणा नव्हतो. मी कोच होतो."

मी म्हटलं, हा आता पुन्हा मान डोलावणार. कॉलिन म्हणाला, "लीग नसली तरी खेळता येतं. पुन्हा सुरू करू. मंगळवार, गुरुवार."

"नाही," विवेक म्हणाला. "मंगळवार, गुरुवार कुणालाच जमत नाही. पहिल्या दिवसापासून जमत नव्हतं. आम्हाला फक्त रविवारची सकाळ जमते. आणि तेव्हाही अर्धे उशिरा येतात."

कॉलिनने क्षणभरही विचार केला नाही. "रविवार मला नाही जमणार. रविवार नातीचा. तिच्यासाठीच तर मी इथे आलोय."

त्याने हे इतक्या सहज सांगितलं की विवेक त्याच्याकडे बघतच राहिला. त्यात राग नव्हता, माफी नव्हती. कॉलिनने हात पुढे केला, दोघांनी हात मिळवले आणि गाडी निघून गेली.

बघा म्हणजे. मोठा कोच छोट्या क्लबला शोभतो का, यावर गॅरेजमध्ये तासन्‌तास काथ्याकूट झाला, ग्रुपवर अंगठे उमटले. आणि उत्तर एवढंसं होतं. यांना रविवार हवा, त्याला रविवार नको. नारळ बाजूला ठेवून कुणी तेव्हाच बोललं असतं तर तो दोन-चार शनिवारी येऊन लाथ मारायला शिकवून गेला असता, विवेक फोन लावत राहिला असता, आणि परीक्षित त्या दिवशी बूट घालून मैदानात असता.

विवेक अजून इथेच उभा आहे, डब्याच्या मुठीवर हात ठेवून. खिशातून फोन काढलाय, पण लावत नाही. मी खांब आहे, मला लाथ खाण्यापलीकडे काही येत नाही. पण वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणी हर्नडनमध्ये असाल आणि आत्ता तुमचा फोन वाजला, तर उगाच हो म्हणू नका. येणार नसाल तर त्याला सरळ नाही म्हणा.