मापाला दिलेला शर्ट

मानपाड्याच्या 'मंजुळा लेडीज टेलर्स'चा त्र्यंबक म्हणजे एक नंबरचा खडूस माणूस. दुकान बायकोच्या नावाचं. बायको जाऊन सात वर्षं झाली आणि तिच्या पाठोपाठ ह्याच्या तोंडातली गोडीही गेली. पण ब्लाउज असा शिवायचा, की बायका त्याचं सगळं बोलणं मुकाट ऐकून घ्यायच्या.

एका शनिवारी करिश्मा नावाची मुलगी दिव्याहून आली. तिने हिरवं खणाचं कापड ठेवलं, आणि मापाला म्हणून चक्क एक पुरुषाचा शर्ट.

"ब्लाउजच्या मापाला शर्ट? अगं, डोकं ठिकाणावर आहे का?"

"माझ्या शेजाऱ्याला घालायचाय, काका. त्याला साडी नेसायला आवडते. टेलरकडे यायला लाजतो, म्हणून मी आले. माझी वहिनी म्हणाली, शिवावा तर तुम्हीच. शिवणार का नाही, ते सांगा."

त्र्यंबक नाहीच म्हणणार होता. शर्ट परत द्यायला उचलला आणि हात थांबला. शर्ट रेडिमेड, पण डावा खांदा उसवून अर्धा इंच आत घेतलेला, हाताने, बारीक उलट्या टाक्याने. तो टाका त्र्यंबकनेच शिकवलेला. आणि खांदा प्रितमचा, शाळेत असताना सायकलवरून पडून कायमचा उतरलेला.

प्रितम त्याचा एकुलता एक पोरगा. पाच वर्षांपूर्वी ह्याच दुकानात आईची साडी नेसून, तिचा ब्लाउज घालून आरशासमोर उभा सापडला. त्र्यंबकचं डोकंच फिरलं. चार बायकांदेखत त्याने पोराच्या अंगावरचा ब्लाउज कात्रीने उभा कापला. पोरगा शर्ट छातीशी धरून जो गेला, तो गेलाच. नंतर बापाने कुठे कुठे शोधलं नाही!

आता पत्ता विचारावा, तर पोरगा पुन्हा पळेल ही भीती. "बुधवारी ने," एवढंच तो कसंबसं बोलला.

चार दिवस त्याने दुसऱ्या कुणाचं काम हातात घेतलं नाही. अस्तर मऊ सुताचं लावलं, टोचायला नको म्हणून. मंजुळेचाही ब्लाउज त्याने कधी एवढ्या जिवापाड शिवला नव्हता. सोबत चिठ्ठी लिहायला बसला, तीनदा लिहून फाडली. काय लिहिणार, कपाळ! अंगाला बसला की पोराला आपोआप कळेल, अशी स्वतःची समजूत घातली आणि पिशवी करिश्माच्या हातात दिली.

शुक्रवारी ती तीच पिशवी घेऊन परत आली.

"काका, घातला आणि इतका खूश झाला ना, नाचलाच! फोटो काढ म्हणाला. मग पिशवीवरचं नाव वाचलं आणि पांढराफटक पडला. 'बाबांना कळलं तर हाही कापतील,' एवढंच बोलला. सकाळी बघते तर खोली रिकामी. हे माझ्या दारात ठेवलेलं. फोनपण बंद."

त्र्यंबकने पिशवीतून ब्लाउज बाहेर काढला. ब्लाउज तोंडाशी धरून तो भर दुकानात हमसून हमसून रडायला लागला.

"मला माहीत होतं गं," तो म्हणाला. "शर्ट बघितला तेव्हाच ओळखलेलं. त्याच्यासाठीच शिवला मी."



"मग तेव्हाच बोलायचंत ना, काका."