मास्तरांचे पॉइंट

मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेले नव्हते. ते गाडी चालवायला शिकवायचे. पण आवाज खणखणीत आणि समोरच्याची चूक काढल्याशिवाय अन्न गोड लागत नसे, त्यामुळे सगळा परिसर त्यांना मास्तरच म्हणायचा. मग त्यांची बायको ओघानंच मास्तरीणबाई झाली. या मास्तरीणबाईंनी उभ्या जन्मात स्टिअरिंगला हात लावला नव्हता. त्या घरी मशीनवर लोकांचे पडदे शिवायच्या.

पॉइंटांचं लचांड मास्तरांनीच गळ्यात घेतलं होतं. मुलगी कॉलेजात असताना तिघं एका तळ्याकाठी सुट्टीला गेली होती. तिथल्या हॉटेलात टाय लावलेल्या एका गोडबोल्या माणसानं गाठलं. जेवण फुकट आहे, फक्त जरा आमची माहिती ऐकून घ्या, म्हणाला. मास्तर जेवायला म्हणून आत गेले आणि सुट्टीच्या क्लबचे सभासद होऊन बाहेर आले. दर वर्षी क्लब त्यांच्या खात्यात पॉइंट जमा करणार, त्या पॉइंटांवर क्लबच्या कुठल्याही ठिकाणी खोली घ्यायची. आणि देखभालीची फी मात्र दर वर्षी भरायची, जा नाहीतर जाऊ नका.

"लोकांना सांगता, वळायच्या आधी आरशात बघा," परतताना बाई म्हणाल्या. "आणि स्वतः?"

मास्तरांनी क्लबची पावती घडी करून खिशात सारली.

पण पुढं त्याच तळ्याकाठी दोघं दर वर्षी जाऊ लागली. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली तरी यांचा नेम चुकला नाही. खोली मिळवायचं काम मास्तरांचं. बुकिंग सुरू व्हायच्या दिवशी ते चष्मा पुसून कॉम्प्युटरपुढं बसायचे आणि पासवर्ड टाइप करताना एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायचे. "अहो, शेजाऱ्यांनाही पाठ झाला असेल," बाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी मास्तर गेले. काम करता करता गेले. घर एकदम मुकं झालं.

पुढं काही महिन्यांनी मुलीचा फोन आला. "आई, या वर्षीचे पॉइंट तसेच पडलेत. वर्ष संपलं की बुडतील. तू जाऊन येतेस का?"

"एकटी कुठं जाऊ मी?"

"मग भाड्यानं दे. पुष्कळ लोक देतात. आपली फी निघते आणि समोरच्याला हॉटेलापेक्षा स्वस्तात राहायला मिळतं. खोली आपल्या खात्यातून आपण घ्यायची आणि पाहुणे म्हणून त्यांचं नाव घालायचं. क्लब त्यांच्या नावानं पत्र देतो. ते दाखवलं की झालं. फक्त माणसं बघून दे. काही मोडलं-फुटलं तर क्लब आपल्याला धरतो." मग मुलीनं विचारलं, "क्लबला बाबांचं कळवलंस ना? आधी सभासदत्व तुझ्या नावावर व्हायला हवं."

"कळवलं गं," बाई म्हणाल्या.

कळवलं नव्हतं. बँकेत कळवलं होतं, विजेच्या ऑफिसात कळवलं होतं. प्रत्येक ठिकाणी एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाताना मास्तर थोडे थोडे पुसले जात होते. क्लबवाल्यांना मात्र त्यांचा अजून पत्ता नव्हता. मास्तरांच्या नावानं त्यांचे मेल यायचे. यंदा डोंगरात जाणार की पाण्याकाठी, असं विचारायचे. जगात तेवढं एकच ठिकाण उरलं होतं, जिथं कुणी मास्तरांना कुठं जाणार म्हणून विचारत होतं. तिथं जाऊन ते आता नाहीत असं सांगणं बाईंच्या जिवावर आलं होतं.

मुलीनं कुठंशी जाहिरात टाकली आणि दोन दिवसांत एका बाईचा फोन आला. याच शहरात एका पार्लरमध्ये केस कापायचं काम करते म्हणाली. आवाज तरुण, बोलणं भरभर.

"काकू, आधी एक विचारू? राग नका मानू. हे सगळं खरं आहे ना? हल्ली कुणाचा भरवसा धरावा कळत नाही."

"खरं आहे. आम्ही स्वतः किती वर्षं जातोय तिथं. तू क्लबला फोन करून खात्री करून घे, मगच पैसे दे. आणि तेही अर्धेच. उरलेले खोलीत पोचल्यावर."

एवढं ऐकल्यावर ती मोकळी झाली. "माझे मिस्टर बोटीवर स्वयंपाकी आहेत. वर्षातून एकदा घरी येतात. या वेळी आले तर धाकटी त्यांना काका म्हणाली. ते हसले, पण रात्रभर कूस बदलत होते. घरात असले की पाहुण्यांची रीघ लागते, पोरांच्या वाट्याला ते येतच नाहीत. म्हणून म्हटलं, कुठंतरी चौघंच जाऊ."

"तळ्याकाठचीच खोली घे," बाई म्हणाल्या. "पायऱ्यांजवळची. मुलांना पाण्यात पाय सोडून बसता येतं. काही काळजी करू नकोस, माझ्या शब्दावर निर्धास्त जा."

बाईंनी मास्तरांच्या खुर्चीत बसून खातं उघडलं. पासवर्ड आठवावा लागलाच नाही. खोली मिळाली, पाहुण्यांचं नाव पडलं, पत्रही आलं. पार्लरवालीनं क्लबला फोन केला, सगळं बरोबर निघालं. किती तरी दिवसांनी बाईंना आपल्या हातून काहीतरी बरं झाल्यासारखं वाटलं.

ती मंडळी पोचायची होती त्या दुपारी बाई एका मोठ्या पडद्याला अस्तर लावत होत्या. फोन वाजला. तळ्याकाठच्या हॉटेलातून, काउंटरवरची मुलगी बोलत होती.

"तुमचे पाहुणे आलेत. पॉइंटांवरून मध्यंतरी फसवणुकीचे प्रकार झाले, म्हणून आम्ही सभासदांना फोन करून विचारतो. सर आहेत का? त्यांनी फक्त हो म्हणायचं."

मागून लहान मुलीचं रडणं ऐकू येत होतं. दमलेलं, किरकिरं रडणं.

"ते आंघोळीला गेलेत," बाई म्हणाल्या.

तोंडातून कसं निघालं त्यांचं त्यांना कळलं नाही.

"बरं, मग थोड्या वेळानं करते."

फोन ठेवून बाई तशाच बसून राहिल्या. मशीनखालचा पाय थांबला होता. मास्तर आंघोळीला गेले होते. आता दार उघडेल, ओल्या चपलांचा आवाज येईल, टॉवेल कुठं ठेवलाय म्हणून हाक येईल. आपण खोटं बोललो हे बाईंना ठाऊक होतं. पण बोललो होतो ते इतकं रोजचं, इतकं साधं, की त्यांनी मान वळवून न्हाणीच्या दाराकडं पाहिलं. दार उघडंच होतं. आतली फरशी कोरडी होती.

पुन्हा फोन वाजला.

"सर आले का?"

"ते नाहीत," त्या म्हणाल्या.

"बाहेर गेलेत?"

"नाही गं. वारले. उन्हाळ्यातच."

मग ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मला फार वाईट वाटतं. पण मग हे बुकिंग कुणी केलं?"

"मी. माझ्यावर काय करायचं ते करा, पण त्यांना खोली द्या. लांबून आलेत, लेकरं आहेत बरोबर."

ती विचारून येते म्हणाली. आली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता, पाठ केल्यासारखा. सभासद वारल्यावर नाव बदलेपर्यंत खातं बंद ठेवावं लागतं. त्या काळात झालेलं बुकिंग धरलं जात नाही. पाहुण्यांना खोली हवी असेल तर हॉटेलच्या दरानं घ्यावी लागेल.

तो दर त्या कुटुंबाला झेपणारा नव्हता. बाईंनी त्याच घटकेला घेतलेले पैसे परत पाठवले आणि पार्लरवालीला फोन लावला. तिनं उचलला, पण बोलली एवढंच, "काकू, तुम्ही सांगायचं तरी होतंत." बाईंनी तोंड उघडायच्या आत फोन बंद झाला. नंतर तिनं उचललाच नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुलीला सगळं सांगितलं. मुलगी रागावेल असं वाटलं होतं, पण ती फोनवर रडायलाच लागली. पुढच्या आठवड्यात बाई मास्तरांच्या मृत्यूचा दाखला घेऊन क्लबच्या ऑफिसात गेल्या. तिथल्या माणसानं बाईंना पाणी दिलं, सह्या घेतल्या आणि मास्तरांचं नाव काढून बाईंचं घातलं. वापरायचे राहिलेले पॉइंट खात्यात परत आले होते.

तिथून बाई तडक पार्लर शोधत गेल्या. भाजीच्या दुकानाशेजारी अरुंद जागा होती. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, खाली केसांचा कचरा. पार्लरवाली एकटीच होती, झाडत होती. बाईंनी आपण कोण ते सांगितलं. तिचा हात थांबला.

"नाव बदललं," बाई म्हणाल्या. "आता काही अडचण नाही. तीच खोली घेऊन देते. मला पैसे नकोत. तुम्ही चौघं जाऊन या."

"ते बोटीवर गेले, काकू. रविवारीच."

बाईंनी हातातली कागदांची पिशवी खाली ठेवली.

"त्या रात्री स्टँडजवळ एका लॉजमध्ये राहिलो आम्ही," ती म्हणाली. "ढेकूण होते. सकाळी उठून घरी आलो. मग नेहमीचंच. पाहुणे, बाजारहाट, बॅगा. धाकटी निघायच्या दिवशी त्यांना बाबा म्हणाली, पण ते आम्ही शिकवलं म्हणून." तिनं केर गोळा करून डब्यात टाकला. "आता मी एकटी जाऊन काय करू तिथं?"

"माझं चुकलं."

"हो, चुकलं. मला राग आला होता. अजून आहे थोडा." ती बाईंकडं बघत राहिली. सकाळपासून बाई उन्हात हिंडल्या होत्या, केस कपाळाला चिकटले होते. "बसा जरा," ती म्हणाली. "केस धुवून देते. डोकं तापलं असेल."

बाई नको नको म्हणाल्या, पण तिनं हाताला धरून बसवलं आणि मान मागं बेसिनवर टेकवली. कोमट पाणी आलं, मग तिची बोटं. कुणी डोक्याला हात लावून किती दिवस झाले होते.

"काका कसे गेले?" तिनं विचारलं.

बाईंनी डोळे मिटले. मुलीलासुद्धा त्यांनी हे धड सांगितलं नव्हतं.

"एकीला शिकवत होते. शिकाऊ गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो बघ. त्यांनी तो दाबला. गाडी कडेला थांबली. त्या पोरीला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं, आता मास्तर ओरडणार. ती दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसून राहिली. ओरडायची वाट बघत. बऱ्याच वेळानं तिनं मान वळवली. पोरीला खरचटलंसुद्धा नाही. तेवढं करून गेले."

पार्लरवालीनं पाणी बंद केलं नाही, बोटंही थांबवली नाहीत. बाईंच्या डोळ्यांतून येत होतं ते कानामागून बेसिनमध्ये जात होतं, आणि त्या पाण्यात ते वेगळं दिसतही नव्हतं.

दारात एक गिऱ्हाईक डोकावलं. "वेळ लागेल," पार्लरवाली म्हणाली, "तासाभरानं या." आणि तिनं बाईंच्या मानेखाली कोरडा टॉवेल सरकवला.