डाव्या हाताची कॉइल

त्यानं पक्कड दाबली आणि जनरेटरच्या पोटातून आलेल्या तारांचे दोन्ही जुने सांधे कटकन तोडले. वरची काळी पट्टी उलगडत बसायला सवड कुणाला होती? वादळानं विजेचे खांब आडवे केले होते आणि आत खोलीत बायकोचा श्वास ऑक्सिजनच्या शेवटच्या सिलिंडरवर चालला होता. श्वासाचं यंत्र दोनशेवीस व्होल्ट मागायचं. कारखान्याच्या जुन्या यंत्रांना पोसत आलेला हा म्हातारा जनरेटर एकशे दहाच्या पुढे जात नव्हता.

“बाबा, सिलिंडरचा काटा आणखी खाली आलाय,” लेक दारातून म्हणाली.

“झालंच. आईला म्हणावं, लग्नाला उशिरा आलो होतो, तेवढा उशीर नाही करत.”

तांब्याची तार गुंडाळून विजेच्या मोटारी भरण्यात त्याचा जन्म गेला होता. हा जनरेटर मात्र दोघांनी मिळून भरला होता, संसार नवा असताना. एक कॉइल त्याची, एक तिची. घराची रीत अशी, की कॉइल जिथं सुरू होते तिथं लाल दोरा आणि संपते तिथं पांढरा. तेव्हा दोन्ही कॉइली शेजारी-शेजारी जोडल्या होत्या. आता एकीमागे एक जोडल्या की व्होल्ट दुप्पट.

त्यानं आपली पांढरी तार तिच्या लाल तारेला पिळली, उरलेली दोन टोकं मीटरला लावली आणि इंजिनाची दोरी ओढली. इंजिन धडधडलं. मीटरचा काटा जागचा हलला नाही.

त्यानं मीटरवर टिचकी मारली. सांधा पुन्हा आवळला. काटा आपला शून्यावर, हट्टी पाहुण्यासारखा बसलेला. इंजिन बंद करून तो आत गेला तेव्हा त्याला हात पुसायचंही सुचलं नाही.

त्याचं तोंड बघून तिनं नाकावरचा मास्क जरा सरकवला.

“काय... झालं?”

“मेला तो. कॉइल जळलीय.”

“जोडलात कसं?”

“रीतीप्रमाणे. माझा शेवट, तुझी सुरुवात.”

ती हसायला गेली आणि तिला ढास लागली. लेकीनं पाठ चोळली. मग एकेक शब्द वेचत ती म्हणाली, “अहो, मी डावखुरी. तुम्ही या अंगानं गुंडाळत होतात, मी त्या अंगानं. माझी उलटी भरलीय. पांढरीला पांढरी जोडा.”

“मग इतकी वर्षं चालला कसा?”

“जोडताना मीच माझ्या दोन तारा फिरवल्या. वर पट्टी मारली घट्ट.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुम्ही गल्लीभर सांगत सुटला होतात... बायकोनं पहिल्याच फटक्यात कॉइल भरली म्हणून. तो आनंद कुठं मोडायचा?”

लेकीनं मास्क पुन्हा नीट बसवला. तो वळला. जाताना त्याला दाराची चौकट लागली, तेही कळलं नाही.

पांढरीला पांढरी. दोरी ओढली. काटा दचकल्यासारखा उठला, शंभर ओलांडून गेला आणि दोनशेवीसच्या अंगाला थरथरत थांबला. खोलीत यंत्र घुमू लागलं, जात्यावर पहाटे कुणी हलक्या गळ्यानं गावं तसं. लेकीनं सिलिंडरची चावी फिरवून बंद केली आणि तिथंच भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

त्याचा जीव भांड्यात पडला. तो उशाशी आला तेव्हा तिच्या ओठांवरचा निळेपणा ओसरत होता.

“काय गं,” तो हळूच म्हणाला, “माझ्यामागे असं आणखी काय काय फिरवून ठेवलंयस?”

तिनं डोळे उघडले नाहीत. पांघरुणातून हात बाहेर काढला आणि अंगठा एकेका पेरावर ठेवत ती मोजू लागली. एक बोट झालं, दुसरं झालं, तिसऱ्यावर अंगठा जरा घुटमळला आणि पुढे सरकला.

त्यानं स्टूल ओढलं आणि ऐसपैस बसला. मोजू दे. आता घाई कसलीच नव्हती.