मागची चाल

मागचा माणूस आजही आला होता. चुडाव्याच्या स्टेशनातून पॅसेंजर निघून गेली, फलाटावरचे दिवे लागले आणि तात्यारावांनी दुसरी फेरी धरली, तशी ती चाल मागे लागली. एक पाऊल फट्, दुसरं घसर.

पहिल्या दिवशी त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला होता. ते थांबले, तर चालही थांबली. वळून पाहिलं, तर फलाट मोकळा. पण तात्यारावांनी रेल्वेत उभी नोकरी रुळांवरून चालण्यात काढलेली. रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या हातोडीने ठोकायच्या आणि सैल कुठली ते नुसत्या आवाजावरून सांगायचं. त्यांचा कान कधी फसला नव्हता. ही चाल कुणाची तेही त्यांनी लगेच ओळखलं. सिद्धोधनची. तो त्यांच्या जोडीला रुळांवर असायचा. शुगरने तळपाय सडला तेव्हा पट्टी बांधलेला पाय असाच ओढत चालायचा. गेल्या उन्हाळ्यात तो वारला.

मग भीती गेली. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. तात्यारावांनाही शुगर निघाली होती आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, पण एकट्याने चालायचा त्यांना भारी कंटाळा. बूट घाला, रोज तळवे तपासा, असंही डॉक्टर म्हणाले होते. ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. जन्मभर खडीवर चाललेल्या पायांचे लाड कसले करायचे? जुन्या सैल चपला बऱ्या होत्या. आता तर जोडीदारही मिळाला होता. तोंडातल्या तोंडात त्याला जयभीम घालायचा आणि चालत सुटायचं. मागे बघायचं नाही, एवढं पथ्य ते पाळत होते. साखरेच्या पथ्यापेक्षा ते सोपं होतं.

आज मात्र चाल बदलली. पलीकडच्या टोकाला वळसा घेतल्यावर घसर बंद झालं. फट्, थप. फट्, थप. अनवाणी पाऊल फरशीवर पडत होतं आणि त्याचा आवाज ओला होता. तात्यारावांच्या अंगावर पुन्हा काटा आला, पण ते चालत राहिले.

"चप्पल काढलीस का रे?" त्यांनी समोर बघतच विचारलं. "थंडी लय हाय. घाल की."

समोरून सगुणाबाई येत होत्या. गोळीची वेळ टळली म्हणून नवऱ्याला बोलवायला निघाल्या होत्या.

"कुणाशी बोलायलाव?"

"सिद्धोधन हाय मागं. रोज येतो. भिऊ नको."

सगुणाबाईंनी त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. चला, हिलाही दिसला म्हणायचा, असं तात्यारावांना वाटलं.

"ओ, हलू नका तिथून," त्या हळूच म्हणाल्या. "तुमची डावी चप्पल कुठंय?"

तात्यारावांनी खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी होता. मागे दिव्याच्या उजेडात, फलाटाच्या टोकापासून एकाच पायाचे लाल ठसे चालत आले होते आणि त्यांच्या टाचेशी येऊन थांबले होते.

सगुणाबाईंनी त्यांना बाकावर बसवून पाय मांडीवर घेतला. तळव्यात काच रुतली होती. ती उपसून त्यांनी घट्ट रुमाल बांधला.

"दुखायलंय का?"

"न्हाई."

"सिद्धोधन भाऊजी बी असंच न्हाई म्हनायचे," सगुणाबाई म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं. मग डोळे पुसून, आत्ताच्या आत्ता पूर्णेला दवाखान्यात जायचं, असं बजावून त्या चप्पल आणायला टोकाकडे गेल्या.

तात्यारावांनी कान दिला. मागे कुणी नव्हतं. इतके दिवस कुणीच नव्हतं. सिद्धोधन गेल्याचं दुःख त्यांना आत्ता कुठे खरं जाणवलं.

मग त्यांनी पाय वर घेतला आणि बोट मुडपून, चावी ठोकावी तसं तळव्यावर ठोकलं. आवाज स्पष्ट ऐकू आला, तळव्याला मात्र काहीच कळलं नाही. त्यांनी पुन्हा ठोकलं, जरा जोरात, आणि वाट बघत बसले.