अर्ध्या घराचं बक्षीसपत्र

दार उघडताच थोरला भाऊ आत घुसला आणि त्यानं धाकटीच्या कानाखाली सणसणीत लगावली. ती शिलाई मशीनवर जाऊन आपटली. नर्स असलेली मधली बहीण स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत त्यानं धाकटीचा उजवा हात पिरगाळून पाठीशी नेला होता.

गोष्ट एवढीच होती, की नर्सला परदेशातल्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती. करसल्लागारानं तिला बजावलं होतं, की राहतं घर नावावर ठेवून गेलात तर तिकडचं करखातं दरवर्षी या घरावरही कर मागेल. म्हणून निघण्याआधी तिनं आपलं अर्धं घर धाकटीला बक्षीसपत्रानं द्यायचं ठरलं. उरलेलं अर्धं धाकटीचंच होतं. भाऊ आपला वाटा वडिलांच्या हयातीतच घेऊन मोकळा झाला होता. तरी दोघींनी मिळून आपल्याला डावललं, असं त्यानं डोक्यात घेतलं.

नर्सनं समजावून पाहिलं. नुसता कराचा मामला आहे, कागद दाखवते, म्हणाली. त्यानं हात आणखी पिरगाळला. मनगट कडकन मोडलं. त्या हातावर धाकटीचं पोट होतं. ती खाली कोसळली, तरी तो लाथा घालतच राहिला.

नर्सनं टेबलावरची इस्त्री उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. तो गुडघ्यांवर आला. पुन्हा उठू लागला, तेव्हा दुसऱ्यांदा घातली.

रक्त भळाभळा वाहू लागलं, तशी बावीस वर्षांची सवय जागी झाली. तिनंच जखमेवर टॉवेल दाबून धरला आणि शेजाऱ्याच्या गाडीतून दोघांना आपल्याच हॉस्पिटलात नेलं.

कसं लागलं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जिन्यावरून पडलो," भाऊ म्हणाला. "दोघंही."

बोलताना तो नर्सकडे बघत होता. पोलिसांत गेलं तर तीही अडकणार, हे त्याला ठाऊक होतं आणि तिलाही. गप्प बसली असती तर तीन आठवड्यांनी ती विमानात असती. पलीकडच्या खाटेवर धाकटी सुजलेला हात मांडीवर घेऊन बसली होती.

"त्यानं हिचा हात मोडला," नर्स म्हणाली. "आणि मी त्याला इस्त्रीनं मारलं. दोनदा. दोन्ही लिहा, मॅडम."

पोलिसांनी तिचा पासपोर्ट ठेवून घेतला. तिकडच्या हॉस्पिटलानं आठवडाभर वाट पाहिली आणि जागा दुसरीला दिली. सल्लागारानं फोनवर हळहळ व्यक्त केली. आता जाणंच नाही, तर घर देऊन टाकायचं काही कारण उरलं नाही, दस्त रद्द करतो, म्हणाला.

"नको. ठरल्या दिवशीच करा," ती म्हणाली.

नोंदणी कार्यालयात नर्सची सही झाल्यावर कारकुनानं पेन धाकटीपुढं केलं. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मग नर्सनं तिचा डावा अंगठा शाईत टेकवला आणि कागदावर दाबून धरला.

"ताई, तू कुठं राहशील आता?" धाकटीनं हळूच विचारलं.

"ठेवलंस तर तुझ्याकडे," ती म्हणाली आणि आपल्या रुमालानं तिच्या अंगठ्याची शाई पुसू लागली.